मेलिया आणि ओ'मॅली हे एकच कूळ आहे काय? आयरिश आडनावे आणि कुलसंमेलनाविषयी विचारणा

इंद्रायणी

नमस्कार. आम्ही गेली अकरा वर्षे मँचेस्टरमध्ये राहतो. माझे माहेर आळंदीजवळचे आणि सासरचे आडनाव मेलिया. हे आडनाव ऐकून येथील लोकही सासऱ्यांना इटलीचे की स्पेनचे असे विचारतात, आणि खरे सांगायचे तर लग्न ठरेपर्यंत माझाही तसाच समज होता. प्रत्यक्षात सासऱ्यांचे आजोबा १९०५ च्या सुमारास आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील मेयो काउंटीतून लँकेशायरला आले, येथेच त्यांनी लग्न केले आणि पुन्हा कधी परत गेले नाहीत. गावाचे नाव आज घरात कोणालाही सांगता येत नाही. समुद्र जवळ होता आणि मागे डोंगर होता, एवढेच सासऱ्यांनी लहानपणी ऐकलेले आहे.

गेल्या महिन्यात त्यांच्या एका परिचितांनी सांगितले की मेलिया हे ओ'मॅली या आडनावाचेच दुसरे रूप असून ओ'मॅली कुळाचे संमेलन दरवर्षी जूनच्या अखेरीस मेयोमध्ये, वेस्टपोर्टच्या परिसरात भरते. सासरे एकोणऐंशी वर्षांचे आहेत आणि तेव्हापासून त्यांनी जायचेच असा ध्यास घेतला आहे. माझी अडचण अशी की आडनावाचे स्पेलिंग वेगळे, गाव ठाऊक नाही आणि हातात एकही कागद नाही. अशा स्थितीत तेथे जाऊन आपण कुळातले आहोत असे सांगणे योग्य ठरेल काय? आधी डीएनए चाचणी करून घ्यावी असे दीर सुचवतात. त्याचा उपयोग होतो का?

आणखी एक लहानसा प्रश्न. माझी सात वर्षांची मुलगी आयरिश नृत्य शिकते. तिच्या शिक्षिकेने वहीवर तिचे नाव आयरिश भाषेत लिहिताना आडनावाआधी "ओ" न लिहिता "नी" असे लिहिले आणि आडनावाचेही पहिले अक्षर बदलले. ही चूक आहे की तसा नियम आहे?

दप्तरदार

इंद्रायणीताई, मूळ प्रश्नाचे उत्तर आधी देतो. होय, मेलिया हे ओ'मॅलीचे मान्य रूप आहे. दोन्हींच्या मुळाशी "ओ माल्ये" असा साधारण उच्चार असलेले एकच आयरिश आडनाव आहे. शेवटचा तो "ये" इंग्रजी ओ'मॅलीत हरवला आणि मेलियात उरला, त्यामुळे सासऱ्यांचे आडनाव मूळ उच्चारापासून आपल्याला वाटते तितके दूर गेलेले नाही.

आपल्याकडे आडनाव म्हटले की गाव आठवते. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील मुंबईहून गेलेले डॉक्टर. पण आडनाव वाचताच मराठी माणूस मालवण तालुक्यातील वराड गावाकडे बोट दाखवतो, आणि २०१९ च्या डिसेंबरात ते स्वतः त्या गावी येऊनही गेले. आयरिश आडनाव असे गावाचा पत्ता सांगत नाही. ते एका माणसाचे नाव सांगते. "मॅक" म्हणजे मुलगा आणि "ओ" म्हणजे नातू किंवा वंशज. ओ'ब्रायन हे आडनाव १०१४ मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईत मारल्या गेलेल्या ब्रायन बोरू या राजाच्या वंशजांचे. इतिवृत्तांमध्ये ९१६ साली ओ'क्लेरी घराण्यातील एका सरदाराच्या मृत्यूची नोंद आहे आणि वंशपरंपरागत आडनावाचे युरोपातील अगदी जुन्या उदाहरणांपैकी एक म्हणून ती नेहमी सांगितली जाते. (वराडकरांच्या पदाला आयरिशमध्ये "तीशख" म्हणतात आणि त्या शब्दाचा जुना अर्थ प्रमुख किंवा नायक असा आहे, हा योग मला नेहमी गमतीचा वाटतो.)

मात्र सर्वच आयरिश आडनावे गेलिक, म्हणजे मूळ आयरिश भाषेतून आलेली, नाहीत. ११६९ नंतर आलेल्या नॉर्मन लोकांनी "फिट्झ" आणले, तेही मुलगा याच अर्थाने. फिट्झजेराल्ड, बर्क ही त्यांची घराणी. वॉल्श म्हणजे वेल्समधून आलेला. डॉइल या नावात "काळा परका" असा अर्थ दडलेला असून तो व्हायकिंगांना उद्देशून होता असे मानतात. आणि फिट्झपॅट्रिक हे दिसायला अस्सल नॉर्मन असूनही मुळात गेलिक आहे, त्यामुळे केवळ रूपावरून निष्कर्ष काढणाऱ्याची फसगत होते.

आता स्पेलिंगविषयी. इंग्रजी सत्तेला गेलिक आडनावे खुपत असत. १४६५ च्या एका कायद्याने डब्लिन आणि भोवतालच्या भागातील आयरिश लोकांना इंग्रजी आडनाव घेण्यास फर्मावले होते, आणि ते कसे असावे हेही सांगितले होते: एखाद्या शहराचे नाव, एखादा रंग, एखादा धंदा किंवा एखादा हुद्दा. त्या एका कायद्याने फारसे बदलले नाही, परंतु सतराव्या शतकात गेलिक सरदारांची सत्ता मोडल्यावर "ओ" आणि "मॅक" मोठ्या प्रमाणावर गळून पडले, काही आडनावांचे सरळ भाषांतर झाले, तर काहींचे चुकीचे भाषांतर झाले. कॅव्हन काउंटीत आज भेटणाऱ्या स्मिथ मंडळींपैकी पुष्कळांचे पूर्वज मॅकगोवन, म्हणजे "लोहाराचा मुलगा", होते. १८९३ मध्ये गेलिक लीग स्थापन झाल्यानंतरच्या भाषिक चळवळीत अनेक घराण्यांनी गळलेला "ओ" पुन्हा लावला. मॅली घराण्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. ज्या थोड्या घराण्यांनी "ओ" फारसा सोडला नाही त्यांत त्यांची गणना होते. तरीही कागदोपत्री मॅली, ओ'मॅली, मेलिया असे सारे सापडते, कारण लिहिणारा वेगळा आणि नाव सांगणारा वेगळा. १९०१ आणि १९११ च्या जनगणनेत घरोघरी फॉर्म वाटून ते गोळा करण्याचे काम पोलीस शिपायांकडे होते. घरात कोणाला लिहिता येत नसेल तर शिपायाच्या कानाला जे ऐकू आले तेच कागदावर उतरले.

इतके असूनही एक सावधगिरी सांगतो. आडनाव एक म्हणजे मूळ पुरुष एक, असे आयर्लंडमध्ये धरून चालता येत नाही. मर्फी हे तेथील सर्वाधिक आढळणारे आडनाव. पण ते वेक्सफर्डमध्ये, कॉर्कमध्ये आणि उत्तरेला टिरोनमध्ये स्वतंत्रपणे तयार झाले आहे, आणि या मर्फींचे एकमेकांशी नाते असण्याचे काही कारण नाही. तुमच्या सासऱ्यांचे नशीब चांगले, कारण ओ'मॅली हे जवळजवळ पूर्णपणे मेयोचे आणि त्यातही क्ल्यू उपसागराभोवतालच्या मरिस्क आणि बरिशूल या दोन विभागांचे आडनाव आहे. डोंगर आणि समुद्र ही खूण याच भागाला लागू पडते. मरिस्क गावाच्या माथ्यावर क्रोग पॅट्रिक हा ७६४ मीटर उंचीचा डोंगर उभा आहे आणि समोर बेटांनी भरलेला उपसागर. अर्थात मेयोला समुद्रकिनारा पुष्कळ आहे, त्यामुळे ही खूण पुरावा म्हणून पुरेशी नाही.

तेव्हा डीएनएच्या आधी टाउनलँड शोधा. टाउनलँड म्हणजे आपल्या वाडीसारखा जमिनीचा सर्वांत लहान नोंदला जाणारा घटक. बेटभर असे ६०,००० हून अधिक आहेत. आडनावाला टाउनलँडची जोड मिळाली की निम्मे काम झाले. क्रम असा ठेवा. आजोबांचे लग्न लँकेशायरमध्ये झाले असल्याने त्या विवाहाचा इंग्लंडमधील दाखला मागवा; त्यावर वराच्या वडिलांचे नाव आणि व्यवसाय असतो. मग आयर्लंडच्या जन्मनोंदी पाहा. तेथे १८६४ पासून सर्व जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद सुरू झाली आणि शंभर वर्षांपूर्वीच्या जन्मनोंदी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. त्यात आईचे माहेरचे आडनाव आणि जन्मस्थळ मिळते. ते हाती आले की १९०१ ची जनगणना उघडा; राष्ट्रीय अभिलेखागाराने तीही विनामूल्य ठेवली आहे. त्याआधीच्या जनगणनांची मात्र आशा धरू नका. १८२१ ते १८५१ पर्यंतच्या जवळजवळ सर्व ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील आगीत गेल्या, १८६१ आणि १८७१ च्या सरकारनेच नष्ट केल्या, आणि १८८१ व १८९१ च्या पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाच्या लगद्यात गेल्या. मधली पोकळी भरण्यासाठी १८४७ ते १८६४ या काळातील जमीन-मूल्यांकनाच्या याद्या वापरतात, पण त्यांत केवळ जमीन खंडाने कसणाऱ्याचे आणि जमीनमालकाचे नाव असते, बायकामुलांचे नसते.

मुचकुंद

दप्तरदारांनी सविस्तर लिहिले आहे, म्हणून मी केवळ डीएनए आणि एकूण "क्लॅन" या प्रकाराबद्दल लिहितो. मी आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताच्या मंडळात सात वर्षे काम केले आहे. एकाच आडनावाच्या दोन शाखा एकमेकींना मान्य करीत नाहीत, तिसरी शाखा स्वतःला थोरली म्हणवते आणि शेवटी छपाईचा खर्च चौथ्याच्या गळ्यात पडतो, हे सारे पाहिलेले आहे. त्यामुळे कूळ या शब्दाने मला सहसा भरून येत नाही.

डीएनएचे म्हणाल तर कोणती चाचणी करता यावर सारे अवलंबून आहे. आडनाव बापाकडून मुलाकडे जाते आणि वाय गुणसूत्रही तसेच जाते, म्हणून आडनावाच्या शोधात वाय चाचणी उपयोगी पडते आणि ती सासऱ्यांची किंवा तुमच्या यजमानांचीच करावी लागेल. तुमच्या मुलीची करून काही कळणार नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले की आयर्लंडच्या वायव्य भागातील सुमारे पाचपैकी एका पुरुषाकडे एकाच प्रकारचे वाय गुणसूत्र आहे. वर्तमानपत्रांनी त्याचा संबंध पाचव्या शतकातील नायल या दंतकथेतील राजाशी जोडला आणि जो तो स्वतःला राजवंशी समजू लागला. पुढे त्या गुणसूत्राचे वय नायलच्या काळापेक्षा बरेच जुने असल्याचे दिसले, पण ही दुसरी बातमी कोणी फ्रेम करून भिंतीवर लावली नाही. जवळचे चुलत-आते-मामे भाऊबंद शोधायचे असतील तर सर्वसाधारण चाचणी पुरे, आणि तीही घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीची करावी. दत्तकविधान, विवाहबाह्य संतती, आईचे आडनाव लावणे अशा गोष्टी प्रत्येक वंशात असतात, याची तयारी ठेवूनच पाकीट उघडावे.

दुसरे असे की दुकानातून "आमच्या आडनावाचे राजचिन्ह" छापलेला पेला विकत घेऊ नका. राजचिन्ह व्यक्तीला दिलेले असते, आडनावाला नव्हे. खुद्द सरकारी खातेही यात फसलेले आहे. आयर्लंडच्या वंशावळ कार्यालयाने १९४४ पासून जुन्या गेलिक घराण्यांच्या प्रमुखांना सौजन्य म्हणून मान्यता देण्याची प्रथा ठेवली होती. त्यात १९९२ साली एका गृहस्थांना "मॅकार्थी मोर", म्हणजे मॅकार्थी घराण्याचे प्रमुख, म्हणून मान्यता मिळाली. त्यांची वंशावळ बनावट निघाल्यावर १९९९ मध्ये ती रद्द करावी लागली आणि २००३ मध्ये ती प्रथाच बंद झाली. २०१३ मध्ये तर सरकारने वर्षभर "द गॅदरिंग" नावाने परदेशस्थ आयरिशांना घरी बोलावण्याची मोहीम काढली आणि गावोगावी कुलसंमेलने भरवली. अभिनेते गेब्रियल बर्न यांनी त्या वेळी तिच्यावर जाहीर टीका करून ही पैसे काढण्याची युक्ती असल्याचे सुचवले होते. माझे मत त्यांच्याच बाजूचे आहे. सासऱ्यांना वेस्टपोर्ट जरूर दाखवा, पण संमेलनाचे शुल्क भरण्यापूर्वी विचार करा.

लिफीकाठ

मुचकुंदजी, आपला संशय समजतो, परंतु ओ'मॅलींच्या बाबतीत तो लागू होत नाही. त्यांचे संमेलन १९५३ पासून भरते. "द गॅदरिंग" त्यानंतर साठ वर्षांनी आले, आणि जिच्या छत्राखाली आज अनेक कुळे नोंदलेली आहेत ती "क्लॅन्स ऑफ आयर्लंड" ही संस्थाही १९८९ ची. सहा वर्षांपूर्वी माझ्या घरमालकीणबाईंबरोबर मी या संमेलनाला पाहुणी म्हणून गेले होते. त्यांचे माहेर ओ'मॅली आणि माझे आडनाव अस्सल घाटावरचे. तरीही दारातल्या टेबलावर मला कोणी वंशावळ विचारली नाही. छातीवर लावायच्या पट्टीवर केवळ पहिले नाव मोठ्या अक्षरात आणि खाली गाव, कारण आडनाव लिहून काही बोध होण्यासारखा नव्हता. सभागृहाच्या भिंतीवर लांबच लांब कागद चिकटवलेला होता, त्यावर लोक पेन्सिलीने आपापली फांदी जोडत होते आणि मागून येणाऱ्या एक आजी चष्मा सावरत रबराने ती पुसत होत्या. कुलप्रमुख तेथे निवडला जातो, ते पद वंशपरंपरेने येत नाही. त्यामुळे आपण सांगता तसला मॅकार्थी प्रकार तेथे उद्भवण्यास फारसा वाव नाही.

इंद्रायणीताई, "तुम्ही कोणते मॅली?" हा प्रश्न मात्र सासऱ्यांना नक्की विचारला जाईल. त्यात हेटाळणी नसते. त्या भागात एकाच आडनावाची घरे इतकी असतात की शाखांना टोपणनावे पडलेली असतात, कधी आजोबांच्या नावावरून, कधी केसांच्या रंगावरून, कधी धंद्यावरून. टोपणनाव ठाऊक नसेल तर टाउनलँडचे नाव सांगितले तरी पुरते, आणि तेही नसेल तर विवाहाच्या दाखल्याची प्रत पुढे करावी. चार म्हाताऱ्या माणसांच्या हाती ती पडली की संध्याकाळपर्यंत काहीतरी निष्पन्न होते. मेलिया या आडनावाला तेथे कोणी परके मानीत नाही.

मुलीच्या वहीवर जे लिहिले आहे ते अगदी बरोबर आहे, शिक्षिकेला धन्यवाद द्या. "ओ" म्हणजे वंशज पुरुष. मुलीला "ओ" लावणे म्हणजे तिला नातू म्हणणे. अविवाहित मुलीसाठी, किंवा लग्नानंतरही माहेरचेच नाव ठेवणाऱ्या स्त्रीसाठी "नी" लावतात. "अमक्याच्या वंशजाची मुलगी" अशा अर्थाच्या शब्दांचा तो संक्षेप आहे. त्यापुढे मूळ नावातील "म" मृदू होऊन त्याचा उच्चार "व" होतो, म्हणून ओ माल्येची मुलगी "नी वाल्ये". "मॅक" असलेल्या घराण्यात मुलीला "निक" लागते. पत्नीसाठी पुन्हा वेगळे रूप आहे, ते "ई वाल्ये" असे होईल. परंतु ते आपण लावलेच पाहिजे असे नाही. जुन्या गेलिक रिवाजात स्त्री लग्नानंतर माहेरचेच नाव ठेवीत असे. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण याच कुळातले आहे. सोळाव्या शतकात क्ल्यू उपसागरात स्वतःची गलबते बाळगणारी आणि येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांकडून पट्टी वसूल करणारी ग्रान्ये, जिला इंग्रज ग्रेस ओ'मॅली म्हणत, तिची दोन लग्ने झाली, एक ओ'फ्लाहर्टी घराण्यात आणि दुसरे बर्क घराण्यात, तरी ती शेवटपर्यंत ग्रान्ये नी वाल्येच राहिली. १५९३ मध्ये मुलाची आणि भावाची सुटका करून घेण्यासाठी ती ग्रेनिचला जाऊन राणी एलिझाबेथला भेटली होती. म्हणजे आपल्या मुलीच्या वहीवर आडनावाचे जे रूप आहे तेच तिचे होते.

क्ल्यू उपसागराच्या तोंडाशी असलेल्या क्लेअर बेटावरील लहानशा मठात ओ'मॅलींचा कोरीव दगड भिंतीत बसवलेला आहे. त्यावर रानडुक्कर आणि वल्ह्यांचे गलबत असून खाली "जमिनीवर आणि समुद्रावर बलवान" अशा अर्थाचे लॅटिन शब्द आहेत. मठाच्या छतावर मध्ययुगीन चित्रांचे अवशेष आहेत, तेव्हा मान वर करून पाहण्यास विसरू नका. बोट रूना धक्क्यावरून सुटते.

इंद्रायणी

आपणा सर्वांची मी आभारी आहे. दप्तरदारांनी सांगितलेल्या क्रमाने शोध घेतला आणि सव्वा महिन्याने हे लिहिते आहे.

१९०९ च्या विवाहाच्या दाखल्यावर आडनाव मेलिया, वराच्या वडिलांचा व्यवसाय शेती. त्या वडिलांचे नाव घेऊन जन्मनोंदी पाहिल्या तेव्हा १८८२ ची एक नोंद जुळली. तेथे आडनाव मॅली असे लिहिले आहे, आईचे माहेरचे नाव आहे, आणि टाउनलँड मरिस्क विभागातील लुईसबर्गच्या जवळचा आहे. मग १९०१ ची जनगणना उघडली, तर त्याच टाउनलँडमध्ये तेच कुटुंब ओ'मॅली म्हणून सापडले. एका माणसाची तीन कागदांवर तीन आडनावे! कुटुंबप्रमुखाला लिहिता-वाचता येत नव्हते, त्यामुळे सहीच्या जागी फुलीची खूण आहे आणि फॉर्मवरील बाकीचे अक्षर एकाच हाताचे, चांगले वळणदार आहे. भाषेच्या रकान्यात सर्वांपुढे "आयरिश आणि इंग्रजी" असे आहे. सासरे तो फॉर्म संगणकावर मोठा करून त्या फुलीकडे बराच वेळ पाहत बसले. आपल्या आजोबांना आयरिश बोलता येत असे, हे त्यांना एकोणऐंशीव्या वर्षी कळले. घरात त्यांनी ती भाषा कधी उच्चारलेली त्यांना आठवत नाही.

डीएनए चाचणी सध्या पुढे ढकलली आहे, दीर थोडे नाराज आहेत. संमेलनासाठी चौघांची नावे नोंदवली आहेत आणि नोंदणीच्या अर्जावर आडनाव मेलिया असेच दिले आहे, कारण "ओ" लावायचा की नाही हे तेथे गेल्यावर ठरवू असे सासरे म्हणतात. लिफीकाठताई, रूनाहून सुटणारी बोट जून महिन्यातही फार हलते का? त्यांना समुद्र लागतो.

लिफीकाठ

आम्ही गेलो तेव्हा बऱ्यापैकी हलली होती, पण पल्ला लहान आहे. मी तर संपूर्ण वेळ बाहेरच उभी होते. सकाळची फेरी घ्यावी, आल्याची वडी जवळ ठेवावी आणि त्यांना मागच्या बाजूला, मोकळ्या हवेत बसवावे.

मुचकुंद

तीन कागद जुळले म्हणजे पुरावा चांगला झाला, हे मला मान्य आहे. १९११ ची जनगणनाही अवश्य पाहा. त्यात विवाहाला किती वर्षे झाली, किती अपत्ये जन्मली आणि त्यांपैकी किती जिवंत आहेत असे रकाने आहेत, त्यावरून आजोबांची आणखी भावंडे निघतील. त्यांपैकी कोणाचे वंशज अजून लुईसबर्गला असतील तर भिंतीवरच्या त्या कागदावर आपली फांदी पेन्सिलीने नव्हे, शाईने लिहा. रबरवाल्या आजींना माझा नमस्कार सांगा.